लॉपसाइडेड हवा

नागपुरात उन्हाळ्यात माणसाची घरातली किंमत जाणून घ्यायची असेल, तर तो कूलरपासून किती लांब झोपतो ते पाहावं. पगार, पद, शिक्षण, देखणेपणा, सगळं झूठ. मे महिन्यात जो हवेत झोपतो तो मोठा, आणि जो भिंतीकडे तोंड करून वर्तमानपत्राने वारा घेतो तो लहान. मी लहान होते. वयाने एक्कावन्न, पण लहान.

आमच्याकडे कूलर एकच. बैठकीच्या खिडकीला बाहेरून लावलेला, पत्र्याचा, लोखंडी घोडीवर बसवलेला. सुरू केला की आधी खाकरतो, मग धापा टाकतो, आणि मग एकदाची हवा सोडतो. एप्रिल लागला की त्याच्या बाजूंच्या जाळीदार ताट्यांमधलं जुनं गवत काढून नवीन भरायचं, टाकी घासायची, पंपात अडकलेला कचरा काढायचा. मग पाऊस येईपर्यंत दिवसातून तीनदा अंगणात जाऊन बादल्यांनी टाकीत पाणी ओतायचं. टाकी भरली हे कळायची सोय एकच. वरून सांडलेलं पाणी पायावर पडलं की थांबायचं. उन्हाळाभर माझ्या चपला ओल्या असायच्या. हे काम कोण करतं ते आता तुम्हाला कळलंच, आणि मी पहिल्याच पानावर रडगाणं लावलं असंही कोणी म्हणू शकणार नाही, कारण मी फक्त चपलांबद्दल बोलले.

एसी का नाही, असं विचाराल. आमच्या घराच्या वायरिंगला एसी झेपणार नाही, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. हे मत त्यांनी कुठल्याही वायरमनला न विचारता बनवलं आहे, त्यामुळे ते बदलायची काही सोयच नाही.

तर दुपारची जेवणं झाली की बैठकीत ओळीनं गाद्या पडायच्या. पहिली, अगदी कूलरच्या तोंडाशी, सासूबाईंची. मोठ्या त्या, मान त्यांचा, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण करता येत नव्हती. भर मे महिन्यात गुडघ्यांना टॉवेल गुंडाळून त्या तिथे हवेत निजायच्या. म्हाताऱ्या माणसाची सवय, असं म्हणून मी तो टॉवेल रोज धुऊन वाळत घालायची. दुसरी गादी नवऱ्याची, कारण ते कमावते. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन ते घरी बसले तरी गादीच्या बाबतीत कमावतेच राहिले. तिसरी मुलीची, कारण ती स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. आणि चौथी, स्वयंपाकघराच्या दाराशी, माझी. "तुले उठाले सोपं जाते तिथून," असं नवरा लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात म्हणाला होता. त्यानंतर हा विषय घरात कधी निघाला नाही.

हवेचं म्हणाल तर सासूबाईंच्या अंगावरची चादर उडायची. नवऱ्याच्या हातातला पेपर फडफडायचा. मुलीच्या केसांच्या दोन बटा हलायच्या. माझ्यापर्यंत फक्त कूलरचा आवाज यायचा.

इतकी वर्षं मी तशीच काढली. नागपूरची बाई आहे, उन्हाला भीत नाही. डोक्याला दुपट्टा बांधून, पर्समध्ये कांदा टाकून मी भर दुपारी सीताबर्डीवर खरेदी केलेली आहे. पण त्या वर्षी गोष्ट वेगळी होती. माझी पाळी जायला लागली होती. बसल्या जागी छातीतून एक भपका उठायचा आणि मानेवरून, कानामागून टाळूपर्यंत चढायचा. ब्लाऊज ओला, कपाळ ओलं, आणि दोन मिनिटांनी जसं काही झालंच नाही. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आतून ही वेगळी भट्टी. झोप म्हणून लागत नव्हती. एकदा वरणात दोनदा मीठ पडलं. एकदा मी दुधाचं पातेलं फ्रिजऐवजी कपड्यांच्या कपाटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अख्खं घर वास कुठून येतो ते शोधत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं. एखाद-दोन वर्षं. झोप मात्र नीट झाली पाहिजे. थंड जागी झोपत जा."

थंड जागी! मी त्यांच्या तोंडावर हसले. घरात थंड जागा एकच, आणि तिथे टॉवेल गुंडाळलेले दोन गुडघे.

मला दागिना नको होता, साडी नको होती, काश्मीर नको होतं. मला फक्त ती पहिली गादी हवी होती, तो उन्हाळा निघेपर्यंत. पण हे म्हणायचं कसं? मे महिन्यात नागपुरात "मला गरम होतं" म्हणणं म्हणजे अंबाझरी तलावात उभं राहून "मी ओली झाले" म्हणण्यासारखं आहे. लोक म्हणतील, मग? आणि खरं कारण सासूसमोर, नवऱ्यासमोर काढायचं, तर आमच्याकडे त्या विषयाला शब्दच नाही. "तिचं ते" म्हणतात आणि आवाज खाली करतात. मी आवाज खाली करणाऱ्यांतली नाही, त्यामुळे मी काही बोललेच नाही.

मुलगी सुट्टीत सकाळी गल्लीतल्या सात-आठ पोट्ट्यांची इंग्रजीची शिकवणी घ्यायची. ते सगळे कूलरसमोर बसत, आणि मी बाहेर अंगणात टाकीत पाणी ओतत असायची. ताट्यांच्या गवतातून आतलं अक्षरन् अक्षर ऐकू यायचं. अशा रीतीनं पाणी भरता भरता मी बरंच इंग्रजी शिकले.

त्या दिवशी शब्द होता लॉपसाइडेड. मुलगी म्हणाली, "एक बाजू जड, एक हलकी. किंवा एक वर, एक खाली. तोल नसलेलं. टोपी लॉपसाइडेड असू शकते, टेबल असू शकतं, हसूसुद्धा असू शकतं. करा वाक्यं."

एक पोट्टा म्हणाला, "मिस, आमच्या बाबाची मिशी लॉपसाइडेड आहे." सगळे हसले. दुसरा म्हणाला, "मिस, आमचा बेड लॉपसाइडेड आहे, मी रोज भावाच्या अंगावर घरंगळतो."

"छान. आता पुढचा अर्थ. मॅचमध्ये एका टीमनं दुसरीला पार धुतलं, तर ती मॅच लॉपसाइडेड. आणि वाटणीत, नियमात, भांडणात एका बाजूला सगळं मिळतं नि दुसरीला काहीच नाही, तर तेही लॉपसाइडेड."

यावर एक बारीक पोट्टी, जी एरवी तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली, "मिस, ऑटोत आम्ही सहा जणी बसतो. मी रोज ड्रायव्हरकाकाच्या बाजूला अर्ध्या सीटवर बसते. तो ऑटो लॉपसाइडेड आहे का मी?"

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. पाणी पायावरून वाहून गेलं. माय वं, म्हटलं, हाच तर शब्द आहे!

मराठीत शब्द नाहीत असं नाही. झुकतं माप आहे, पंक्तिप्रपंच आहे, डावं-उजवं करणं आहे. पण आपल्या या शब्दांची एक पंचाईत आहे. झुकतं माप म्हटलं की माप धरणारा हात आला. पंक्तिप्रपंच म्हटलं की वाढणारी बाई आली. म्हणजे लगेच कोणीतरी गुन्हेगार, लगेच भांडण. आणि आमच्या घरात गुन्हेगार तर कोणीच नव्हतं. हवा काही कोणी अडवून धरली नव्हती, ती आपली तशी येत होती. लॉपसाइडेड म्हटलं की दोष वस्तूचा. टेबल कलतं आहे, बस. कोणावर आळ नाही, आणि आपलं दुःख मात्र वाजवून सांगून झालं. शिवाय इंग्रजीत सांगितलं की समोरच्याला पटकन उलटून बोलता येत नाही. मला तो शब्द इतका आवडला की मी त्याच दिवशी तो वापरायला काढला.

सुरुवात नवऱ्यापासून केली. दाढी करून आले तेव्हा म्हटलं, "मिशी लॉपसाइडेड झाली आहे." ते आरशासमोर गेले, डावीकडून थोडी कापली, मग उजवीकडून थोडी, मग परत डावीकडून. संध्याकाळपर्यंत मिशी जवळजवळ संपली होती. मग खाटेचा पाय लॉपसाइडेड झाला. मग टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात असतो ते लॉपसाइडेड झालं. कोथिंबिरीची सांबारवडी तळताना मी गॅससमोर उभी, आणि बाकी तिघं ताटासमोर बसलेले, तेही लॉपसाइडेड. माझी मुलगी म्हणाली, "आई, तुला एक शब्द मिळाला तर तू त्याला मारून टाकशील." नवऱ्याने मोबाइलवर अर्थ काढला आणि मला समजावलं, "हे पाह्य, मॅच लॉपसाइडेड असते. बायको नसते."

"बायको नाही म्हणून राहिली मी," मी म्हटलं. "हवा म्हणून राहिली. या खोलीतली हवा लॉपसाइडेड आहे."

आता निवृत्त सरकारी माणसाला तक्रार मिळाली की तो काय करतो? तक्रार दूर नाही करत. तो तपासणी करतो. नवऱ्याने गाद्यांच्या वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी बांधली. देवघरातला लाल नाडा घेऊन त्याचे चार सारखे तुकडे केले आणि प्रत्येक उशीच्या वर एकेक लटकवला. कूलर सुरू केला. पहिला नाडा आडवाच झाला. दुसरा चांगला झुलायला लागला. तिसरा एकदा इकडे गेला, एकदा तिकडे गेला, मग थोडा विचार करून पुन्हा हलला. चौथा, माझ्या उशीवरचा, सरळ खाली बघत राहिला.

नवरा कमरेवर हात ठेवून चारही नाड्यांकडे बराच वेळ पाहत होता. मला वाटलं, आता तरी. मग ते म्हणाले, "हवा सगळीकडे आहे. तुझ्याकडची जरा शांत आहे."

"अहो, शांत तर मेलेलं माणूसही राहते!" मी म्हटलं. पण तपासणी संपली होती. नाडे मात्र तसेच लटकत राहिले, आणि त्या रात्री त्या चौथ्या नाड्याकडे बघत मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले.

त्यात भर म्हणून खाप्याहून नणंदेचा नवरा आला. शहरात एक लग्न होतं, ते आटपून चार दिवस राहायचा त्याचा बेत. जावई माणूस! आता गाद्यांची रांग एकेक घर खाली सरकणार, हे मला त्याची बॅग पाहूनच कळलं. खरं तर नवऱ्याने आईला विचारूनही पाहिलं, "आई, पहिली जागा त्यांले देऊन टाक ना. मोठा जावई आहे." सासूबाईंनी टॉवेल घट्ट केला आणि म्हणाल्या, "जावई झाला म्हणून काय कूलर आंदणात देला?" मग जावई दुसऱ्या गादीवर, नवरा तिसऱ्या, मुलगी चौथ्या, आणि मी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्याखाली. तिथे कूलरचा आवाजही येत नव्हता. फ्रिजचा येत होता. फ्रिज मागून गरम हवा सोडतो, हे मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमरस वाढता वाढता माझा तोल गेला. जावयाच्या तिसऱ्या वाटीला मी पळी पातेल्यात आपटली आणि म्हटलं, "या घरात सगळंच लॉपसाइडेड आहे!"

नवऱ्याचा चेहरा पडला. जावयासमोर! पण जावयाने शांतपणे विचारलं, "म्हणजे काय होते ते?" मुलीने त्याला अर्थ सांगितला, मिशीपासून मॅचपर्यंत आणि मॅचपासून वाटणीपर्यंत. जावयाने वाटी खाली ठेवली. त्याचे डोळे भरून आल्यासारखे झाले. "असा शब्द आहे?" तो म्हणाला. "अवं बाई, हेच तं चालून राहिलं ना माझ्या घरी! आम्ही दोघं भाऊ, विहीर एक, मोटर एक. दिवसा विजेची लाइन असली का पाणी त्याच्या वावरात. रातची लाइन आली का म्हणते, जाय, तुझी पाळी. साप-विंचवात फिरा मी! लॉपसाइडेड! अगदी लॉपसाइडेड!"

नवऱ्यालाही मग राहवेना. ते म्हणाले, "कचेरीत तरी काय होतं? साऱ्या कटकटीच्या फायली माझ्या टेबलावर. बढती मात्र बाजूच्या टेबलाले." मुलगी म्हणाली, "आणि माझं काय? अभ्यासाला बसले की तुम्ही तिघं तीन दिशांनी मला हाका मारता. पाणी दे, चष्मा दे, मोबाइलवर हे लावून दे." जो तो आपापलं लॉपसाइडेड ताटात वाढून घेऊ लागला. रस गरम झाला तरी कोणाचं लक्ष नाही.

मी पळी घेऊन उभी होते. मनात म्हटलं, कमाल आहे. या शब्दाचं असं आहे तर! जो ऐकतो तो म्हणतो, मीच हलक्या बाजूचा. मग जड बाजूला बसलंय तरी कोण? कोणीतरी बसलं असल्याशिवाय आपण सगळे वर कसे लटकून राहिलो? जगात एकही माणूस असा भेटत नाही जो म्हणेल, हो बापा, आहे लॉपसाइडेड, आणि माझ्या बाजूनं आहे.

 सासूबाई तेवढ्या आंब्याची कोय चोखत माझ्याकडे पाहत होत्या.

जावई गेला. जाताना मला म्हणाला, "वहिनी, लय कामाचा शब्द देला तुम्ही." म्हणजे त्याला शब्द मिळाला आणि मला पुन्हा चौथी गादी. त्यानंतर नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस. ज्यांनी नागपूरचा नवतपा पाहिला नाही त्यांना काय सांगू? नळाचं पाणी चहाला टाकता येईल असं येतं. दाराची कडी हाताला पोळते. रस्त्यावर कुत्रंही नसतं.

त्यातल्याच एका दुपारी बैठकीत सगळे निजले होते, आणि माझ्या छातीतून तो भपका उठला. गेला की दुसरा. तो गेला की तिसरा. नाडा सरळ. मला वाटलं आता मी किंचाळेन, किंवा उठून तो कूलर घोडीवरून ढकलून देईन. मी उठले, न्हाणीत गेले, कडी लावली. कूलरच्या बादलीत सकाळी भरून ठेवलेलं पाणी घेतलं, पाट टाकला, साडी गुडघ्यापर्यंत वर केली, दोन्ही पाय बादलीत सोडले, पदर भिजवून डोक्यावर घेतला आणि डोळे मिटून बसले. एवढी मोठी बाई, दोन मजली घराची मालकीण म्हणवते, आणि बसली आहे न्हाणीत, बादलीत पाय घालून. माझंच मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही.

दारावर काठी वाजली.

"काय करून राहिली वं आत?" सासूबाईंचा आवाज.

"काही नाही."

"काही नाही करायले कडी लावा लागते काय?"

मी दार उघडलं. त्यांनी बादली पाहिली, पाय पाहिले, माझी लाल झालेली मान पाहिली. मग काठी भिंतीला टेकवून, गुडघे धरत धरत, त्या उंबऱ्यावर बसल्या.

"कवापासून होऊन राहिलं?"

"काय कवापासून?"

"मले येडी समजून राहिली काय? चार लेकरं काढली म्या. कवापासून?"

"दिवाळीपासून," मी म्हटलं.

"अन् मले सांगतलं काहून नाही?"

झालं. मग माझा पारा चढला. "सांगितलं नाही? महिनाभर बोंबलून राहिली मी या घरात! लॉपसाइडेड, लॉपसाइडेड! मिशी झाली, हवा झाली, जावयासमोर पळी आपटून झाली! अजून कसं सांगायचं असतं, आई?"

"ते तू इंग्रजीत बोंबलली," सासूबाई म्हणाल्या. "मले वाटलं पोट्ट्यांचा धडा पाठ करून राहिली. आता मराठीत सांग."

मराठीत! मी तोंड उघडलं. वाटलं होतं, एकदा बोलायला लागले की ताट्या, बादल्या, ओल्या चपला, नाडा, फ्रिज, सव्वीस उन्हाळे, सगळं बाहेर पडेल. पण त्यातलं काहीच आलं नाही. फक्त एवढंच आलं, "आई, मले लय गरम होते हो. झोप नाही लागत. मले कूलरसमोर झोपू द्या ना." आणि मी रडायला लागले. लहान पोरीसारखी, नाक ओढत, बादलीत पाय तसेच ठेवून.

 सासूबाई म्हणाल्या, "मले झालं तवा या घरात कूलर कायचा? पंखा होता तो बी सासऱ्याच्या खोलीत. म्या इथंच बसे. याच न्हाणीत, अशीच, पाय बादलीत घालून. लोकायले वाटे, बाई लय सोवळ्याची, दिवसातून दोनदा आंघोळ करते. सासूनं तं गल्लीभर कौतुक केलं माझं."

मला रडता रडता हसू फुटलं. त्याही हसल्या. मग मी डोळे पुसून, जरा रागानंच विचारलं, "मग तुम्हाला ठाऊक होतं कसं असते ते, तर तुम्ही ती जागा सोडली काहून नाही कधी?"

"मले आवडते काय ती हवा?" सासूबाई म्हणाल्या. "माझे गुडघे धरते मेली. टावेल कायले गुंडाळते वाटते तुले, फॅशन म्हणून?"

इतकी वर्षं मी तो टॉवेल धुतला. धुतला, पिळला, वाळत घातला, घडी केली. मे महिन्यात माणूस गुडघ्याला टॉवेल का बांधतं हे एकदाही विचारलं नाही.

"मग?" मी म्हटलं.

"मंग काय मंग? म्या सरकली असती तर कोण आलं असतं तिथं? तू? तो माझा भैताड लेक एक घर सरकला असता. त्याच्या जागी पोरगी. अन् तू तिथंच, दारापाशी. एकदा का तो तिथं निजला, का पुन्हा उठते? म्हणून म्या धरून ठेवली. म्हटलं, ज्याले खरंच पायजे तो मागंल, मंग देऊ. जावयानं डोळा ठेवला, तवा बी देली नाही. एवढे उन्हाळे गेले, पण मागाले कोणी आलंच नाही." त्यांनी काठी उचलली. "चाल, ऊठ. पाय पूस."

आणि त्या गेल्या. मी न्हाणीतून बाहेर येईपर्यंत त्यांनी आपली गादी एका हाताने ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी आणली होती आणि माझी पायाने पुढे सरकवत होत्या. या आवाजाने नवरा जागा झाला.

"आई, काय करून राहिली? तिथं हवा नाही लागत."

"काहून? तूच तं सांगतलं ना, हवा सगळीकडे आहे. इथली जरा शांत आहे. मले शांतच पायजे."

नवऱ्याने वर त्या चौथ्या नाड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझा भिजलेला पदर, ओले पाय, सुजलेले डोळे, सगळं पाहिलं. मग आपली गादी जरा बाजूला ओढून मला वाट दिली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांनी एखादी गोष्ट तपासल्याशिवाय मान्य केली.

मी पहिल्या गादीवर आडवी झाले. सासूबाईंच्या उशीला कापराचा वास येत होता. हवा आधी पायाला लागली, मग पोटाला, मग मानेला. ओल्या गवताचा, मातीचा, गारठलेल्या पत्र्याचा वास. भपका आला, पण या वेळी त्याला तोंड द्यायला समोर कोणीतरी होतं. तो आला तसा निघून गेला. मला वाटलं, थोडा वेळ अशीच जागी पडून राहीन आणि मजा घेईन, पण तेवढंही जमलं नाही. मी झोपले.

किती वेळ गेला ठाऊक नाही. अर्धवट जाग आली ती कूलरच्या आवाजानं. हवा कोरडी झाली होती आणि पंप घरघरत होता. म्हणजे टाकीतलं पाणी संपलं. इतक्या वर्षांची सवय, माझा हात आपोआप टेकला उठायला. मग मी तो परत ठेवला. डोळे उघडले नाहीत.

"पाणी संपलं वाटते," नवऱ्याचा आवाज आला. कोणीच उठलं नाही.  मग न्हाणीत बादली वाजली, पुढचं दार वाजलं, आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. एक बादली. मग दुसरी. मग ताट्यांच्या गवतातून, जिथून मी सगळं इंग्रजी ऐकलं, तिथून नवऱ्याने विचारलं, "अवं, कुठवर भरायचं असते हे?"

मी सांगायला तोंड उघडत होते. पण स्वयंपाकघराच्या दाराशी, त्या शांत हवेतून, सासूबाई आधी बोलल्या.

"निजू दे तिले. ओतत राय तू. चपला भिजल्या का थांब."